पाण्याखालचं प्रामाण्य

विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला मिळालेलं आहे. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. ओहोटी कितीही मोठी असली तरी त्याचा एक खडकही वर येत नाही. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी तिथे बुड्या मारून प्रवाळांची आणि माशांची पाहणी केली. या पठाराला संरक्षण मिळावं यासाठी प्रयत्नही चालू आहेत. आता साधा प्रश्न विचारावा: हे पठार केवढं आहे? एके ठिकाणी लांबी ४० किलोमीटर आणि रुंदी १५ किलोमीटर अशी सापडते, म्हणजे फार तर ६०० चौरस किलोमीटर. दुसरीकडे, संरक्षणाच्या संदर्भात, २,००० चौरस किलोमीटरांहून मोठा आकडा दिसतो. यातला कोणताही आकडा खोटा असायचं कारण नाही. पठाराची कड कुठे धरायची, ५० मीटर खोलीच्या रेषेवर, १०० मीटरच्या, की उतार संपून तळ सपाट होतो तिथे, यावर उत्तर ठरतं. संरक्षणासाठी भोवतालचं पाणी किती धरायचं हा त्यापुढचा प्रश्न. आणि ज्या रेषेवर आपण बोट ठेवतो ती रेषा तरी तिथे कशी आली, हा त्या सगळ्यांच्या आधीचा.

समुद्राच्या नकाशाबद्दल विचार करताना मी नेहमी या आधीच्या प्रश्नाशी येऊन थांबतो. जमिनीच्या नकाशात चूक असेल तर वाट चालणारा माणूस ती दुपारपर्यंत सांगेल. ओढा इकडे नाही, तिकडे आहे, एवढं म्हणायला त्याला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. समुद्राच्या तळाशी असा वाटसरू नाही. तिथे चिखल आहे की वाळू, प्रवाळ आहे की नुसता खडक, पाण्यात प्राणवायू किती, हे ज्या थोड्या जागी कुणी उपकरण सोडून पाहिलं तेवढंच पाहिलेलं असतं. बाकीचं भरून काढलेलं असतं. नकाशा मात्र पाहिलेलं आणि भरून काढलेलं एकाच शाईत छापतो. निळ्याच्या छटा सगळीकडे सारख्याच सफाईनं एकमेकींत मिसळतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की इथला माणूस सगळीकडे जाऊन आला.

प्रत्यक्षात किती ठिकाणी जाऊन आला? महासागरांच्या खोलीचा जागतिक नकाशा करण्याचं काम मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट याच्या पुढाकारानं १९०३ मध्ये सुरू झालं. ‘गेब्को’ या नावानं ते आजही चालू आहे. निप्पॉन फाउंडेशनच्या साह्यानं २०१७ मध्ये ‘सीबेड २०३०’ हा उपक्रम हाती घेतला गेला, तेव्हा जगातल्या समुद्रतळाचा जेमतेम ६ टक्के भाग आधुनिक पद्धतीनं मोजलेला होता. २०२५ मध्ये तो २७.३ टक्क्यांवर आला. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश तळ अजून बाकी आहे, आणि तरीही जगाचा नकाशा उघडला तर त्यात कुठेच भोक दिसत नाही.

ती भोकं बुजवली आहेत एका सुंदर अनुमानानं. समुद्राखाली मोठा पर्वत असला की त्याच्या वस्तुमानाच्या ओढीनं वरचं पाणी किंचित त्याच्याकडे गोळा होतं. समुद्राचा पृष्ठभाग तिथे थोडा फुगतो. उपग्रह हा फुगवटा मोजतात आणि त्यावरून खालच्या पर्वताचा अंदाज बांधला जातो. वॉल्टर स्मिथ आणि डेव्हिड सँडवेल यांनी १९९७ मध्ये या रीतीनं सगळ्या महासागरांचा तळ मांडला. ही विसाव्या शतकातल्या मोठ्या बौद्धिक करामतींपैकी एक आहे, असं मला मनापासून वाटतं. पण तिला काही किलोमीटरांपेक्षा लहान आकार दिसत नाहीत, आणि गाळाखाली गाडलेली टेकडी व उघडी टेकडी यांतला फरक तिला धड कळत नाही.

आपल्याकडे ज्ञान कशानं मिळतं यावर दोन हजार वर्षं काटेकोर वाद झाले. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं नैयायिकांनी मानली. भाट्ट मीमांसकांनी त्यांत भर घातली. हे वाद मोक्षाच्या चर्चेत अडकलेले आहेत अशी आपली समजूत असते. समुद्राचे नकाशे तपासायला बसल्यावर मला ते फार जवळचे वाटू लागले. कारण नकाशातल्या प्रत्येक ठिपक्याला विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे: तू मला कोणत्या प्रमाणानं कळलास?

प्रत्यक्षापासून सुरुवात करू. जुन्या काळी दोराला शिशाचं वजन बांधून ते तळाला टेकवत आणि भिजलेला दोर वावांत मोजत. त्या वजनाच्या बुडाला एक खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. वजन वर आलं की चरबीला काय चिकटलं ते पाहायचं. वाळूचे कण, शिंपल्यांचे तुकडे, निळसर चिखल. काहीच चिकटलं नसेल तर बहुधा खडक. तसं अक्षर नकाशावर खोलीच्या आकड्याशेजारी लिहिलं जाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातल्या जॉन मॅक्लुअरनं १७८७ पासून पुढची काही वर्षं आपल्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली, ती अशाच साधनांनी. हे निखळ प्रत्यक्ष होतं: तळाचा तुकडा हातात येत होता. मात्र तो हाताच्या तळव्याएवढ्या जागेचा असे, आणि पुढची बुडी पडेपर्यंत जहाज बरंच पुढे गेलेलं असे. दोन बुड्यांमधला समुद्र कुणी पाहिलेला नसे.

आता अनेक किरणांचा ध्वनिमापक जहाजाखालून ध्वनीचा पंखा पसरतो आणि एका फेरीत तळाचा रुंद पट्टा मोजून घेतो. यालाच आपण ‘मोजलेलं’ म्हणतो. पण यंत्र मोजतं तो वेळ, खोली नव्हे. ध्वनी जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्याच्या निम्म्याला पाण्यातल्या ध्वनीच्या वेगानं गुणलं की खोली मिळते. तो वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर, पण तो पाण्याच्या तापमानावर, खारटपणावर आणि दाबावर हलतो. ४,००० मीटर खोल पाण्यात वेगाच्या अंदाजात एक टक्का गफलत झाली तर तळ ४० मीटर वर किंवा खाली सरकतो. पंख्याच्या कडेच्या किरणांत ही चूक आणखी वाढते, कारण ते तिरपे जातात आणि वाटेत वाकतात. म्हणून चांगले सर्वेक्षक दिवसातून पुन्हा पुन्हा पाण्याच्या थरांचं तापमान घेतात आणि तशी नोंद ठेवतात. नकाशाच्या विश्वासार्हतेचा निम्मा भाग अशा कंटाळवाण्या नोंदींत असतो.

जहाजांच्या नकाशांनी ही जाणीव फार आधी अंगी बाणवली. माणसं बुडतात म्हणून. आजच्या इलेक्ट्रॉनिक नाविक नकाशात प्रत्येक भागाला विश्वासाची श्रेणी दिलेली असते. सर्वोच्च श्रेणीत जागेची चूक ५ मीटर अधिक खोलीचे पाच टक्के आणि खोलीची चूक अर्धा मीटर अधिक खोलीचा एक टक्का. तिथून उतरत उतरत अशी श्रेणी येते जिथे जागा ५०० मीटरांनी हुकू शकते, आणि त्याहीखाली ‘याहून वाईट’ आणि ‘तपासलेलं नाही’. कप्तानाला हे वाचता आलंच पाहिजे. पर्यावरणाच्या नकाशांत, म्हणजे अधिवासांच्या, प्रदूषणाच्या, जैवविविधतेच्या नकाशांत, ही शिस्त उशिरा आली. तिथे चूक झाली तर जे मरतं ते ओरडत नाही.

अधिवासांचा नकाशा हा जवळजवळ संपूर्ण अनुमान असतो. ध्वनीचा प्रतिध्वनी जोरकस आला तर तळ कठीण, मंद आला तर मऊ. खोली इतकी, प्रकाश इतका पोचतो, लाटांची ताकद इतकी, मग इथे अमुक प्रकारचे प्राणी असणार. नैयायिक म्हणतील, ही व्याप्ती आहे: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. आणि लगेच विचारतील, उपाधी तपासलीत का? कारण त्यांनीच दाखवून दिलं होतं की उलटं विधान, जिथे अग्नी तिथे धूर, सरसकट खरं नाही. लाकूड ओलं असेल तरच ते खरं. ओल्या लाकडाची ती अट कुणाच्या लक्षात आली नाही की अनुमान फसतं. समुद्रातही ओली लाकडं पुष्कळ आहेत. शिंपल्यांचा थर पसरलेला चिखल खडकासारखा जोरात उत्तर देतो. गाळात वायूचे बुडबुडे अडकलेले असले की ते ध्वनी विखरून टाकतात आणि खालचं चित्रच पुसलं जातं. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या चिखलात असे वायुयुक्त गाळ आढळलेले आहेत. आपल्या खंडमंचाचा आतला भाग बहुतांशी चिखलाचा आणि बाहेरचा भाग जुन्या चुनखडी वाळूचा, हे ढोबळ चित्र खरं आहे. पण उत्तर समुद्रात बसवलेलं प्रतिध्वनी आणि प्राणी यांचं गणित उचलून मान्सूनच्या समुद्रावर ठेवलं, तर ओलं लाकूड कुठलं हे आधी इथेच, या पाण्यात, शोधावं लागेल.

युरोपात २००४ ते २००८ या काळात ‘मेश’ नावाचा प्रकल्प झाला. ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या किनाऱ्यांचे सुटे सुटे अधिवास-नकाशे एकत्र जोडायचे होते. जोडताना कळलं की कुणी विमानातून पाहून काढलेला, कुणी दोनशे नमुने घेऊन काढलेला आणि कुणी जुन्या नकाशावरून उतरवलेला, असे नकाशे शेजारीशेजारी बसणार आहेत. म्हणून त्यांनी प्रत्येक नकाशाला गुण द्यायची पद्धत बसवली. दुरून मोजणी कोणत्या तंत्रानं झाली, सगळं क्षेत्र झाकलं की पट्टे सोडले, जागा कशानं ठरवली, मोजणी किती जुनी. तळाचे नमुने घेतले का, किती दाट, प्राणी तपासले की फक्त गाळ. आणि मग या सगळ्याचा अर्थ लावला तो कोणत्या रीतीनं. गुणांची बेरीज होऊन शंभरपैकी एक आकडा निघतो आणि नकाशासोबत विश्वासाचाही एक नकाशा छापता येतो.

या कामाबद्दल मला आदर आहे. नकाशा करणाऱ्यांनी आपल्या अज्ञानाला स्वतःहून रंग दिला, ही लहान गोष्ट नाही. तरी त्या एका आकड्यापाशी माझं मन अडतं. ज्याची ध्वनिमोजणी उत्कृष्ट आहे पण एकही नमुना घेतलेला नाही असा नकाशा, आणि ज्याचे नमुने भरपूर आहेत पण मधली जागा नुसती कल्पनेनं जोडली आहे असा नकाशा, दोघांना सारखेच ६० गुण मिळू शकतात. पहिल्याला तळाचा आकार माहीत आहे, तिथे कोण राहतं ते माहीत नाही. दुसऱ्याला राहणारे माहीत आहेत, त्यांच्या घराच्या भिंती माहीत नाहीत. सरासरीनं हे दोन्ही एकाच रंगाचे होतात. शिवाय हे गुण रीतीला मिळतात, फळाला नाही. उत्तम रीतीनं काढलेला नकाशा चुकू शकतो. आणि वयाचे गुण सगळ्यांना एकाच मापानं कापले जातात हेही मला पटत नाही: खडकाची पन्नास वर्षांपूर्वीची मोजणी आजही चांगली असू शकते, तर खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्याची मोजणी एका पावसाळ्यात शिळी होते. जुनेपणा वस्तूला विचारून ठरवायला हवा.

शब्दप्रमाणाची, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबण्याची, गोष्ट यापेक्षा अवघड आहे, कारण तिथे चूक दिसतच नाही. न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिमेला प्रवाळ समुद्रात सँडी आयलंड नावाचं एक बेट होतं. म्हणजे नकाशांत होतं. १८७६ मध्ये व्हेलॉसिटी नावाच्या जहाजानं तिथे फुटणाऱ्या लाटा आणि वाळूची बेटं पाहिल्याची नोंद केली. १९०८ मध्ये ते ब्रिटिश नाविक नकाशावर आलं. फ्रेंचांनी १९७० च्या दशकात आपल्या नकाशांतून ते काढून टाकलं, पण तोवर ते जगाच्या किनारपट्टीच्या एका मोठ्या संगणकीय संग्रहात शिरलेलं होतं, आणि तिथून पुढे असंख्य संग्रहांत. २०१२ च्या नोव्हेंबरात सदर्न सर्व्हेअर हे ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज त्या जागी गेलं, तेव्हा तिथे १,३०० मीटरांहून अधिक खोल पाणी होतं. खलाशांनी पाहिलं ते बहुधा तरंगत चाललेला ज्वालामुखीय प्युमिस दगडांचा तांडा असावा, असं नंतर सुचवलं गेलं; त्या भागात असे तांडे वाहत येतात.

या प्रकरणातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट बेट नव्हतं ही नाही. ती अशी, की किनारपट्टीच्या संग्रहात बेट आहे म्हणून खोलीच्या संगणकीय नकाशांतही तिथे जमीन आणि तिच्याभोवती उथळ पाणी तयार झालं. एका स्रोतातून दुसरा भरला गेला, आणि मग पाहणाऱ्याला वाटलं की दोन स्वतंत्र स्रोत एकच गोष्ट सांगताहेत. साक्षीदार दोन दिसत होते. पाहणारा एकच होता आणि तोही १८७६ चा. म्हणून विदेची, म्हणजे डेटाची, विश्वासार्हता तपासताना किती स्रोत जुळतात हे मोजण्याआधी त्यांचं कूळ शोधावं लागतं. संग्रह जितके मोठे होतात, एकमेकांत जितके सहज ओतले जातात, तितकं हे कूळ पुसलं जातं. गेब्कोच्या आजच्या नकाशासोबत एक जोडनकाशा मिळतो, ज्यात प्रत्येक चौकटीचं मूल्य कशावरून आलं ते सांकेतिक आकड्यानं लिहिलेलं असतं: अनेक किरणांच्या ध्वनिमापकानं, एका किरणाच्या, उपग्रहाच्या अनुमानानं, की नुसतं आजूबाजूच्या आकड्यांमधून ओढून. माझ्या मते तो जोडनकाशाच खरा नकाशा आहे. खोलीचा रंगीत नकाशा त्याच्यानंतर उघडावा.

स्रोत जुळत नाहीत तेव्हा काय करायचं, याचंही एक कटू उदाहरण आहे. ८ जानेवारी २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्को ही अमेरिकी अणुपाणबुडी गुआमहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना पूर्ण वेगात पाण्याखालच्या एका पर्वतावर आदळली. एक खलाशी गेला, ९८ जखमी झाले. ज्या नकाशावर मार्ग आखला होता त्यात तो पर्वत नव्हता. पण त्याच भागाच्या दुसऱ्या नकाशात जवळपास धोका असल्याची नोंद होती. दोन नकाशांतला तो विसंवाद हीच सर्वांत मोलाची माहिती होती, आणि ती वाचायला कुणी बसलं नाही.

आणि मग येते कोरी जागा. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं: घडा दिसत नाही म्हणून घडा नाही हे कळतं. पण त्याला त्यांनी एक कडक अट घातली. घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. सागरी जैवविविधतेच्या नकाशांत सर्वांत जास्त मोडली जाणारी अट हीच आहे. जिथे ठिपका नाही तिथे प्राणी नाही असं आपण सहज वाचतो, आणि बहुतेक वेळा तिथे पाहणाराच नसतो.

आपल्या किनाऱ्यापुरता हा अंधार ऋतूचाही आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, लहान बोटी बाहेर पडत नाहीत, मोजणीचे बेतही बहुधा उघडिपीसाठी राखले जातात. पाण्यातल्या हिरवेपणावरून सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज बांधणारे उपग्रह त्याच महिन्यांत ढगांखाली पाहू शकत नाहीत. किनाऱ्यालगत नद्यांचा गाळ मिसळला की त्यांना गाळ आणि वनस्पती यांतला फरक कळणंही कठीण जातं. नेमक्या याच काळात पश्चिम किनाऱ्यावर खालचं थंड, पोषक, पण प्राणवायू हरवलेलं पाणी वर चढतं आणि सगळी जीवसृष्टी हलते. म्हणजे विदा जिथे गहाळ आहे तिथेच समुद्र सर्वांत जास्त बदलतो. सरासरी काढताना गहाळ महिने गुपचूप गळून पडतात आणि आपल्याला मिळतो तो उघडिपीच्या समुद्राचा नकाशा, वर्षभराचा म्हणून. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं कांदोळीसमोरच्या एकाच ठिकाणी १९९७ पासून वर्षानुवर्षं पाणी तपासलं, त्याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं. वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आपल्या खंडमंचावरच्या या प्राणवायुहीन पाण्याबद्दल लिहिलं. नकाशावर ते ठिकाण एक ठिपका आहे. पण त्या ठिपक्यानं आजूबाजूच्या हजारो चौरस किलोमीटरांच्या रंगावर प्रश्न उभा केला.

कोऱ्या जागेशी प्रामाणिक राहणं किती अवघड आहे हे मारी थार्पला माहीत होतं. तिनं आणि ब्रूस हीझननं अटलांटिकचा आणि नंतर हिंदी महासागराचा तळ रेखाटला, तो जहाजांच्या विरळ वाटांवरून. दोन वाटांमधली जागा तिनं भूशास्त्राच्या जाणिवेनं भरली. त्यातलं पुष्कळ पुढे खरं ठरलं. जिथे भरायला काहीच नव्हतं तिथे त्यांनी जुन्या नकाशाकारांच्या परंपरेला धरून नकाशाची मोठी सूची ठेवून दिली. थार्पला तिथे जलपऱ्या आणि फुटलेली जहाजं काढायची होती. हीझननं ते होऊ दिलं नाही. मला त्या जलपऱ्यांबद्दल हळहळ वाटते. जलपरी पाहून कुणीही तिथला तळ मोजलेला आहे असं समजलं नसतं.

ज्ञान खरं आहे हे कळतं कशानं, यावरही मीमांसक आणि नैयायिक भांडले. मीमांसक म्हणाले, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाध येईपर्यंत ते खरंच धरावं. नैयायिक म्हणाले, प्रामाण्य बाहेरून कळतं: पाणी दिसलं, तिकडे गेलो, तहान भागली, तेव्हा ते पाणी होतं हे ठरलं. नकाशांच्या बाबतीत सरकारी कचेऱ्या मीमांसक असतात, आणि मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. तहान कोणती हे सांगितल्याशिवाय नकाशा विश्वासार्ह आहे का, या प्रश्नाला उत्तरच नाही.

आपल्या कांदळवनांचं पाहा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातली कांदळवनं २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होती आणि २०१७ मध्ये ३०४. दोन वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढ. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कांदळवनं तोडायला मनाई केली, २०१२ मध्ये राज्यात कांदळवन कक्ष उभा राहिला, लागवड झाली, झाडं परत आली. हे सगळं खरं आहे आणि आनंदाचं आहे. तरीही विचारायला हवं की या ८२ चौरस किलोमीटरांतलं नवं उगवलेलं किती, आणि आधीपासून असलेलं पण आता नीट दिसू लागलेलं किती. चिखलातल्या विरळ झाडांच्या चौकटी एका वर्षी ‘आहे’त आणि एका वर्षी ‘नाही’त पडणं सहज शक्य असतं, प्रतिमा भरतीच्या वेळची की ओहोटीच्या, यावरही ते हलतं. झाडं वाढणं आणि नजर सुधारणं या दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. पण धोरण ठरवताना त्या एकाच खात्यात जमा करता येत नाहीत.

या सर्वेक्षणाच्या उपग्रह-प्रतिमेतली एक चौकट साडेतेवीस मीटरांची, आणि नकाशावर येण्यासाठी कांदळवन किमान एक हेक्टरचं लागतं, म्हणजे १०,००० चौरस मीटर. देशाचा आणि राज्याचा कल पाहायला हे पुरेसं आहे. आता किनारपट्टी नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना घ्या. तिच्यात १,००० चौरस मीटरांहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरांचा राखीव पट्टा सांगितला आहे. हजार चौरस मीटर म्हणजे त्या प्रतिमेतल्या दोन चौकटीही भरत नाहीत. देशाच्या नकाशात तुमच्या गावाजवळची कांदळी नाहीत, एवढ्यावरून ती कायद्यालेखी नाहीत असं म्हणणाऱ्यानं अंधारात घडा शोधला आहे.

भरतीरेषेचंही तसंच. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेष जमिनीवर साडेबारा मीटर जाड असते. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून बांधकामाला मनाई असलेला पट्टा २०१९ पासून ५० मीटरांचा झाला आहे. म्हणजे रेषेची शाईच त्या पट्ट्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी आहे, आणि कोकणातल्या पुळणी तर पावसाळ्यात खचतात, उन्हाळ्यापर्यंत पुन्हा भरतात. आधीच्या २०० मीटरांच्या पट्ट्याला जी रेषा चालली असती ती ५० मीटरांच्या पट्ट्याला पुरत नाही. कायद्यानं पट्टा अरुंद केला, तेव्हा विदेकडून अधिक बारकावा मागणं हे त्याच्याबरोबरच यायला हवं होतं.

शेवटी आप्तांविषयी. गौतमाच्या न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायनानं आप्ताची जी लक्षणं सांगितली त्यांत जन्म, पदवी, कचेरी यांतलं काही नाही. ज्यानं ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जसं जाणलं तसं सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. मग तो कुठल्याही समाजाचा असो. डोल लावणारा कोळी उधाणाच्या आणि भांगाच्या पाण्याची ओढ रोज जाळ्यात मोजतो. खडप कुठे आहे हे त्याला माहीत असतं, कारण तिथे त्याचं जाळं फाटलेलं असतं. पावसाळा सरतासरता पहिला बाहेर पडतो तोही तोच, म्हणजे नकाशाच्या अंधाऱ्या महिन्यांच्या सर्वांत जवळ पोचलेला साक्षीदार. ही प्रत्यक्षाची विदा आहे. तिच्यातही उणिवा आहेत: ती मासळी जिथे मिळते तिथे दाट आणि इतरत्र विरळ असते, आणि आठवण जागा सरकवते. पण अशाच उणिवा जहाजांच्या विदेलाही आहेत आणि आपण त्यांना गुण देतो. मच्छीमारांच्या सांगण्याला गुण देण्याची पद्धत मात्र आपण बसवलेली नाही, म्हणून ते पूर्ण वगळलं जातं, नाहीतर भावनेच्या भरात पूर्ण खरं मानलं जातं.

वात्स्यायनाची दुसरी अट, सांगण्याची इच्छा, ही इथे जास्त नाजूक आहे. मासळीच्या जागा घराण्यात राखलेल्या असतात. त्या नकाशावर आल्या की मोठ्या यांत्रिक बोटी तिथे पोचतील, किंवा उद्या तिथे मासेमारीच बंद होईल, ही भीती निराधार नाही. याउलट ज्या गोष्टी नकाशावर याव्यात असं कोळीवाड्यांना वाटतं, त्या येताना दिसत नाहीत. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांत मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा, मासळी वाळवायची मैदानं दाखवणं अपेक्षित आहे. महाराष्ट्रातल्या मसुदा नकाशांवर सुनावण्या झाल्या तेव्हा मच्छीमार संघटनांचा एक मुख्य आक्षेप हाच होता की या जागा त्यांत नाहीत. उपग्रहाला ती मोकळी वाळू दिसते. मे महिन्यात तिथे बोंबील वाळत असतात आणि त्यावर घरं चालतात, हे वरून कळत नाही. जवळ जाऊन विचारावं लागतं. सुनावणीच्या टेबलावर नकाशा पसरला की त्याच्या शेजारी त्याचा जोडनकाशाही पसरलेला असावा, मराठीत, प्रत्येक भागावर लिहिलेला: हे कुणी पाहिलं, कोणत्या महिन्यात, कशानं, आणि इथे कुणीच पाहिलेलं नाही. मग काठावर उभ्या असलेल्या बाईला त्यातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून हक्कानं सांगता येईल की इथे आम्ही आहोत, आणि ते लिहून घेणाऱ्याला त्याच ओळीत तिचं नाव, तारीख आणि तिनं ते कसं जाणलं हेही लिहावं लागेल.